बारा सेकंदांचा हंगाम

आमच्या घाटकोपरच्या इमारतीत माझी ख्याती एक निरुपद्रवी गृहस्थ अशी आहे. सोसायटीचे पैसे वेळेवर भरणारा, पाण्याच्या वेळेला कोणाशी न भांडणारा, रोज सकाळी मेट्रोने अंधेरीला जाऊन विम्याच्या कचेरीत दिवसभर कागद पुढे सरकवणारा आणि संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी घेऊन परतणारा असा एक शेहेचाळीस वर्षांचा माणूस. असा माणूस पौषापासून वैशाखापर्यंत दर सुट्टीला गावी का पळतो, आणि सोमवारी कचेरीत येताना कधी मनगट बांधून तर कधी लंगडत का येतो, याचा उलगडा शेजाऱ्यांना पुष्कळ वर्षे झाला नव्हता. शेतीचे काही भांडण असावे, अशी त्यांची समजूत होती. आमच्या सौभाग्यवतीनेही ती दूर केली नाही. खरे सांगण्यापेक्षा ते बरे, असे तिचे मत होते.

खरे असे की, मी घोडी धरतो.

ज्यांनी घाटातली शर्यत पाहिलेली नाही त्यांना हे वाक्य कळायचे नाही, तेव्हा थोडे खुलाशाने सांगितले पाहिजे. बैलगाड्यांची शर्यत म्हटली की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर गाडीवर उभा राहून आसूड फिरवणारा फेटेवाला येतो. तो सिनेमातला. सातारा-सांगलीकडे छकड्यावर हाकणारा बसतो. विदर्भातल्या शंकरपटात धुरकरी असतो. अलिबागकडे समुद्राच्या ओल्या वाळूवर गाड्या पळतात. परंतु आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या बाजूला गाड्यावर माणूसच नसतो. गाडा म्हणजे चाकांवरचा एक हलका लाकडी सांगाडा. त्याला बैल चार; मागची जोडी धुरेला आणि पुढची तिच्यापुढे. या चौघांच्याही पुढे एक घोडी, आणि घोडीवर एक माणूस. बैल धावतात ते घोडीच्या मागे. तो घोडीवरचा माणूस हाच काय तो या सगळ्या खटाटोपाचा सारथी, आणि तोही गाड्याच्या पुढे पळणारा!

घाट म्हणजे माळशेज किंवा खंडाळा नव्हे. टेकडीच्या अंगावर वर चढत गेलेली, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती असलेली एक आखूड वाट. चालत गेलात तर विडा चघळून संपायच्या आत वर पोहोचाल. खाली गाडा जुंपतात, पाच-सात गडी बैलांना धरून ठेवतात, निशाण पडते, कर्ण्यातून निवेदकाचा ‘भिर्रर्रर्र’ असा लांबलचक सूर निघतो आणि चार बैलांचे सोळा पाय एकदम सुटतात. वर घड्याळ घेऊन पंच बसलेले असतात. बारा सेकंद, फार तर चौदा. एवढ्यात सगळे संपते. याला म्हणायचे बारी. दिवसभरातली सर्वांत कमी वेळाची बारी ज्याची, तो घाटाचा राजा. एकाच सेकंदात आलेले गाडे आमच्याकडे बहुतेक ठिकाणी क्रमांक वाटून घेतात, आणि बक्षीसही. त्यामुळे पहिला क्रमांक आला म्हणून पेढे वाटणाऱ्या माणसाच्या हाती पेढ्यांचे पैसेसुद्धा सुटत नाहीत.

या बारा सेकंदांत घोडीवाल्याला काय दिसते? समोरची चढण दिसते, घोडीचे कान दिसतात आणि वर उधळलेल्या भंडाऱ्याचा पिवळा ढग दिसतो. मागचे काही दिसत नाही. मागे वळून पाहिले की तोल गेलाच. मागचे फक्त ऐकू येते. सोळा खुरांचा आवाज जवळ येत चाललेला, चाकांचा खडखडाट, आणि बैलांच्या नाकातून निघणारा तो श्वास. तो श्वास पाठीला लागतो, असे मी सांगितले तर कोणाला अतिशयोक्ती वाटेल, पण लागतो. घोडी अडखळली तर पुढे काय होणार, याचा विचार करायला बारा सेकंद पुरत नाहीत, हीच त्यातली सोय.

मागचे दिसत नाही ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हा यावे लागणार आहे.

आमचे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून मुंबईला आले. मशीद बंदरला माथाडीचे काम, आणि घाटकोपरच्या भटवाडीत गाववाल्यांनी मिळून धरलेली एक खोली. एका खोलीत अकरा माणसे आणि अकरा वळकट्या. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात आमच्या तिन्ही तालुक्यांतली अशी किती घरे असतील याची मोजदाद नाही. गावची जत्रा आली की या वस्त्या निम्म्या रिकाम्या होतात. गावात त्यांना ‘मुंबईकर’ म्हणतात, आणि जत्रेच्या वर्गणीत ‘मुंबईकर मंडळी’ असा वेगळा रकाना असतो. माझे थोरले बंधू मात्र लहानपणीच आजोबांकडे गेले ते गावचेच झाले. जमीन त्यांनी राखली, नोकरी मी. वाटणी कागदावर कधी झाली नाही, पण झाली.

मी सतरा वर्षांचा असताना एका मे महिन्यात आमच्या गाड्याचा घोडीवाला तापाने आडवा झाला. मी मुंबईचा, अंगाने काटकुळा. दादाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “ह्याला बसवा. पडला तर मुंबईचाच हाय, गावचं काय जात न्हाय.” तो १९९६ चा मे. त्या दिवशी मी पडलो नाही. त्यानंतर पुष्कळदा पडलो.

त्या काळी बक्षीस म्हणजे पितळेची परात, भिंतीवरचे घड्याळ, फार झाले तर फेटा आणि पाचशे रुपये. आमच्या गावच्या घरात अशी सहा घड्याळे आहेत. एकाचाही वेळ दुसऱ्याशी जुळत नाही. पैशासाठी कोणी गाडा पळवीत नसे. गाडा पळे तो खंडोबाच्या नावाने. मूल झाले, विहिरीला पाणी लागले, कोर्टातला दावा जिंकला की नवस फेडायला गाडा. थापलिंगला पौष पौर्णिमेला, निमगाव दावडीला माघ पौर्णिमेला, आणि मग चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रांना. हाच आमचा हंगाम. एका घाटावरून दुसऱ्या घाटावर बैल न्यायचे, रात्र टेंपोखाली काढायची आणि उजाडता आपल्या टोकनचा नंबर कधी लागतो त्याची वाट पाहायची.

आता जी गोष्ट सांगायची ती मी चौदा वर्षे कोणाला सांगितली नव्हती.

२००८ साली वैशाखात एका घाटावर आमची बारी अशी झाली की तशी पुन्हा झाली नाही. बैल माझ्या घोडीला अक्षरशः ढकलत वर आले. घाटाचा राजा आमचा गाडा. दादाला लोकांनी खांद्यावर घेतले, माझ्या डोक्यावर फेटा चढला, आणि रात्री आम्ही वाजतगाजत घरी आलो. जेवणे झाल्यावर मी गोठ्याकडे गेलो तर आई कंदील घेऊन बसलेली. कोमट पाण्यात हळद कालवून ती एका बैलाचे मागचे अंग पुशीत होती. कंदील तिने जरा वर धरला. पुठ्ठ्यावर ओळीने भोके होती. रक्त सुकून काळे झाले होते. खाली उभ्या असलेल्या गड्यांपैकी कोणीतरी खिळ्याची काठी वापरली होती. कोणी, ते मी विचारले नाही. दादाला ठाऊक होते की नव्हते, तेही विचारले नाही. आई एवढेच म्हणाली, “ती परात सैपाकघरात आणू नगंस.”

ती परात अजून गोठ्याच्या माळ्यावर पडून आहे.

मी पुढे होतो, मला मागचे काही दिसत नव्हते, हे अगदी खरे आहे. पण बैल त्या दिवशी असे का धावले, हा प्रश्न खांद्यावर बसलेल्या माणसाला पडू नये, इतका मी भोळा होतो काय? नव्हतो. मला तो प्रश्न नको होता.

म्हणून पुढे जेव्हा बंदी आली तेव्हा मी गावच्या मंडळींबरोबर मोर्चात चाललो, घोषणा दिल्या, पण माझा आवाज काही चढला नाही. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. म्हणजे ज्यांच्याकडून खेळ करवून घेता येत नाहीत अशा प्राण्यांत. मग न्यायालयात ये-जा सुरू झाली. मधे अटी घालून थोडी मोकळीक मिळाली, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचे जल्लिकट्टू आणि आपल्याकडच्या शर्यती दोन्ही बंद केल्या. पुढच्याच महिन्यात आमच्या घाटकोपरला मेट्रो सुरू झाली. वर्सोव्याकडे जाणाऱ्या त्या गार डब्यात उभा राहून मी मनाशी म्हटले की, आता आपली गाडी हीच.

गावात मात्र असे मनाशी म्हणून भागत नव्हते. नांगराला ट्रॅक्टर आलेला, मोटेची विहीर केव्हाच गेलेली. शर्यतीचा खोंड सांभाळायचा तो कशासाठी? त्यातच २०१५ च्या मार्चपासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आली. त्या कायद्याची बाजू-उलटबाजू काही असो, आमच्या दारात त्याचा अर्थ इतकाच झाला की बैल पळवायचा नाही, कामाला नाही, आणि विकायचा तर गिऱ्हाईक नाही. ज्या खिल्लार खोंडासाठी दादाने खरसुंडीच्या बाजारात हौसेने पैसे मोजले होते, तो त्याने दोन वर्षांनी निम्म्याहून कमी किमतीत दिला. वडील २०१६ मध्ये गेले. अखेरच्या आठवड्यात ते रोज विचारीत, “टोकन मिळालं का?” आम्ही ‘मिळालं’ म्हणत होतो.

२०१७ साली राज्य सरकारने नवा कायदा केला, तर ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने परवानग्या थांबवल्या. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी करून दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचे कायदे ग्राह्य धरले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाला पशुवैद्याचे प्रमाणपत्र लागते, आणि चाबूक, काठी, विजेचा झटका यांतले काहीही चालत नाही. चालले तर दंड आणि तुरुंग आहे.

शर्यत परत आली ती मात्र जुनी राहिली नव्हती. २०२२ च्या फेब्रुवारीत निमगावच्या घाटात खासदार अमोल कोल्हे यांनी स्वतः घोडी धरली. ‘धरली’ हा शब्द जपून घ्यावा, कारण धावत्या घोडीवर त्यांनी लगाम सोडून हात मोकळे ठेवले होते. ते पाहून आमच्या सौभाग्यवतीने मला बजावले, “ते नट आहेत. तुम्ही लगाम धरा.” त्याच वर्षी मे महिन्यात पिंपरी-चिंचवडजवळ चिखलीला जे मैदान भरले, त्याचे पहिले बक्षीस जेसीबी! परातीवरून जेसीबीवर. बक्षीस एवढे मोठे झाले म्हणजे माणसाच्या हातातली काठी खाली राहील की वर जाईल, याचा विचार माझ्या मनात आला तो तेव्हा.

त्या वर्षी पहिला गाडा जुंपण्याआधी मी दादाला गोठ्यात बोलावले आणि २००८ च्या रात्रीचे सगळे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मला म्हाईत हुतं.” एवढेच. मी म्हटले, “तर मग बेलभंडारा उचल. आपल्या गाड्याला कोणाचाही हात लागायचा नाही, नाहीतर मी घोडीवर बसणार नाही.” देवघरातला बेलभंडारा त्याने उचलला. आईने पाहिले.

काठीशिवाय बैल पळत नाही हे खोटे आहे. पळतो, पण त्यासाठी वर्षभर त्याच्यामागे माणसाने पळावे लागते. आमचे सर्जा आणि राजा पुढच्या जोडीला. पहाटे ओढ्याच्या वाळूत चालवायचे, विहिरीत नव्हे तर तळ्यात पोहायला न्यायचे, कडब्याबरोबर मका, शेंगदाण्याची पेंड, उडदाचे पीठ, थंडीत दूध आणि अंडी. घोडी त्यांच्याच गोठ्यात बांधायची, त्यांच्या शेजारी तिला वैरण घालायची, म्हणजे ती पुढे निघाली की त्यांना राहवत नाही. महिन्याचा खर्च मी येथे लिहीत नाही, कारण हा अंक आमच्या घरीही येतो.

यंदाचा, म्हणजे २०२५ चा हंगाम १३ जानेवारीला थापलिंगपासून सुरू झाला. सोमवार होता. रजेच्या अर्जावर मी ‘घरगुती धार्मिक कार्य’ असे लिहितो, आणि ते खोटे नाही. आदल्या रात्री लोकलने कल्याण, तेथून एसटीने मुरबाड, माळशेज, ओतूर, आळेफाटा. थंडी अशी की एसटीच्या काचा आतून घामेजल्या होत्या. थापलिंगला आमचे जाणे नवसाचे. तेथे वेळ पाहायचा नाही असा वडिलांचा दंडक. गाडा वर गेला, भंडारा उधळला, आई खाली हात जोडून उभी.

माघ पौर्णिमेला, १२ फेब्रुवारीला, निमगावला १३.४ सेकंद. दादाच्या वहीत त्याच्यापुढे ‘बरा’ असे लिहिले आहे. आमच्या पुढचा गाडा बाराच्या आत आला होता. काठीवाले बारात आणि आम्ही तेरात, असे मी म्हणणार होतो. पण त्या गाड्याला कोणीच हात लावला नव्हता, मी स्वतः खाली उभा राहून पाहिले होते. बैलच तसे होते. दुसऱ्याच्या यशात खोट शोधायची सवय मला कचेरीत लागली असावी.

त्याच महिन्यात आमच्या बहिणीच्या मुलाने अमेरिकेहून एक चित्रफीत धाडली. तो नॉर्थ कॅरोलायनात विन्स्टन-सेलम नावाच्या शहरी नोकरीला आहे. तेथे बोमन ग्रे म्हणून एक क्रीडांगण आहे. मधे फुटबॉलचे मैदान, आणि त्याच्या कडेने पाव मैलाची, म्हणजे सुमारे चारशे मीटरची डांबरी वाट. १९४९ पासून तेथे उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री मोटारींच्या शर्यती होतात. या मोटारींना ‘स्टॉक कार’ म्हणतात. मूळ कल्पना अशी की, दुकानातून जशी मिळते तशी घरची गाडी घेऊन पळवायची. पुढे अर्थात आतले सगळे बदलले आणि बाहेरची घडण तेवढी राहिली. यंदा २ फेब्रुवारीला तर तेथे देशातले पहिल्या प्रतीचे चालक आले होते; १९७१ नंतर प्रथमच. पण भाच्याला ते फारसे भावले नाही. “मामा, खरी मजा शनिवारची,” तो म्हणाला. “आठवडाभर गॅरेजात, दुकानात राबणारी माणसं, बापाची गाडी लेक चालवतोय, भाऊ चाक बदलतोय, आणि बायको वर बसून देवाचं नाव घेतेय. आपली जत्राच.” त्यांच्याकडे प्रत्येक शनिवारचे गुण मोजतात आणि हंगामाच्या शेवटी एक विजेता ठरतो. आमच्याकडे तसे नाही; प्रत्येक घाटाचा राजा वेगळा, आणि त्याचे राज्य एका दिवसाचे.

मी ती चित्रफीत दादाला दाखवली. मोटारी एकमेकींना धडकत, पत्रे फाटत, धूर काढीत गोल फिरत होत्या. दादाने ती दोनदा पाहिली. मग विचारले, “ह्यास्नी लागतं का रं काही?”

“मोटारीला काय लागणार?”

“मग बरं हाय त्यांचं.”

चैत्रात चार घाट झाले. दोन ठिकाणी १३ च्या घरात, एके ठिकाणी गाडा तिरका जाऊन बाद, आणि एके ठिकाणी १२.८. त्या १२.८ ने घात केला. दादाच्या डोळ्यांत ते दिसले. वैशाखात एका मोठ्या मैदानाचे टोकन त्याने घेतले. पहिल्या क्रमांकांना मोटारसायकली होत्या. गेल्या दोन वर्षांत त्याने पतपेढीचे कर्ज काढले होते, ते त्याने मला तेव्हा सांगितले. माझ्या पुतण्याला, म्हणजे त्याच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला, महाविद्यालयात जायला मोटारसायकल हवी होती. तीही यातच निघेल, असा हिशेब होता. हिशेब अगदी पक्का होता. त्यात फक्त बैलाला विचारलेले नव्हते.

आमचा नंबर दुपारनंतरचा. उन्हाने माळ भाजत होता. मी घोडीला पाणी पाजून आलो तो राजा उभा होता तो मला जरा निराळा वाटला. डावा पुढचा पाय तो टेकवीत होता, पण भार देत नव्हता. चालवून पाहिले तर चारपाच पावले सरळ टाकली आणि सहाव्याला मान खाली गेली.

“पाय धरतोय,” मी म्हणालो.

“उन्हानं तापलाय माळ. निशाण पडलं की इसरल.” दादा म्हणाला.

“त्याला चढवू नकोस.”

“प्रमाणपत्र हाय माझ्यापाशी. डागदरनं परवा बघितलाय.”

“परवाचा पाय आणि आजचा पाय एक नव्हे, दादा.”

यानंतर आम्ही दोघे भाऊ जे बोललो ते छापण्यासारखे नाही. मुंबईत पंख्याखाली बसून दया करायला काय जाते, असे तो म्हणाला. ते खरे होते म्हणून मला जास्त लागले. गोठ्यातले शेण बारा महिने तो काढतो. मी येतो तो फेटा बांधायला. पण मी लगाम त्याच्या हातात दिला आणि घोडीपासून दूर झालो.

तेव्हा पुतण्या पुढे आला. म्हणाला, “काका, मी धरतो घोडी.”

हे मी धरलेच नव्हते. पोर चार महिने सरावाला बसत होते, अंगाने हलके, माझ्याहून चांगले बसते. ते चढले असते तर गाडा सुटला असता, आणि लंगडा बैल चढणीत अडखळला तर मागे पडणारा गाडा आणि पुढे सापडणारे पोर, सगळे एका जागी आले असते. दादाने एकदा मुलाकडे पाहिले आणि एकदा राजाकडे. कर्ण्यातून आमच्या नंबराचा पहिला पुकारा झाला. दादा हलला नाही. दुसरा पुकारा झाला. भोवती माणसे जमली होती, “हाणा, हाणा, पळंल!” असे चारी बाजूंनी चालले होते. तिसऱ्या पुकाऱ्याला दादा एकदम मटकन खाली बसला. मला वाटले त्याला भोवळ आली. पण नाही, त्याने राजाचा पाय उचलून मांडीवर घेतला होता आणि खुराच्या फटीत बोट घालून तो चाचपीत होता. निवेदकाने आमचा गाडा बाद म्हणून सांगितले आणि पुढचा नंबर घेतला. पुढच्या गाड्याची बारी पुरी झाली तरी दादाने मान वर केली नाही.

बाभळीचा काटा होता. मोडून आत राहिलेला. टेंपोत, कंदिलाच्या नव्हे तर पुतण्याच्या फोनच्या उजेडात, चिमट्याने तो काढला तेव्हा माझ्या करंगळीच्या पेराएवढा निघाला. राजाने पाय झाडला आणि दादाच्या खांद्यावर नाक घासले. परतीच्या वाटेवर कोणी बोलले नाही. घरी आई जागी होती. तिने आधी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, चौघांच्याही, मग आम्हाला पाणी दिले.

मी पहाटेच्या एसटीने निघालो. दादा फाट्यापर्यंत सोडायला आला. मोटारसायकलीचे, पतपेढीचे, आदल्या दिवसाचे, कशाचेच नाव त्याने काढले नाही. एसटी हलता हलता खिडकीतून पिशवी आत ढकलली. आत केळीच्या पानात बांधलेल्या भाकऱ्या, ठेचा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो काटा. तो मी फेकून दिला नाही. कचेरीतल्या टेबलाच्या खणात टाचण्यांच्या डबीत आहे. त्या पतपेढीचे हप्ते आम्ही दोघे मिळून भरतो आहोत.

आषाढात पाऊस लागला तेव्हा पुतण्याचा फोन आला. राजा बरा आहे, चिखलात धावतो, मोकळा सोडला की घोडीच्या मागे जातो, वगैरे बातम्या झाल्या. मग जरा थांबून त्याने विचारले, “काका, तुमचं वजन किती हो आता?”

“कशाला रे?”

“आज्जी म्हणते, पौषात थापलिंगला काकाच घोडी धरील. बाबा म्हणतात, आधी घोडीला विचार.”

मी उत्तर देणार तोच स्वयंपाकघरातून सौभाग्यवतीने आकडा सांगितला. तो तिने एक किलोनेही कमी केला नाही.